लिहून घेतलेला ठेका

व्यंकटराव पाटलांचा धाकटा बन्सीधर. कुठलीही गोष्ट कागदावर उतरल्याशिवाय त्याला खरी वाटत नसे. बापानं त्याला शेतकी शिकायला परभणीला धाडलं होतं. तो तिथं तीन वर्षं राहिला, शेतकीत दोनदा आपटला, तबल्याच्या परीक्षेत पहिला आला आणि हिवरटाकळीला परतला. येताना तबल्याची जोडी आणली आणि एक जाडजूड वही. त्या वहीत मात्रा मोजून, रेघा मारून बोल लिहिलेले असत. जिथं हात थांबवायचा तिथं तो एक अवग्रह काढी, आपण लांबवलेल्या स्वरापुढं 'ऽ' काढतो तसा. गावातली म्हातारी माणसं म्हणत, पाटलाच्या पोरानं वाजवण्याचीसुद्धा तलाठ्यासारखी नोंद ठेवली.

गावात खरं वाजवणारा एकच, नागनाथ. मातंग वस्तीत राहायचा, चाळिशी गाठलेला, काटकुळा. हलगी त्याच्या बापानं वाजवली, आज्यानं वाजवली. कुणी कुणाला शिकवली नाही. पोरगं चालायला लागलं की बापाच्या मागं हिंडायचं, कान तयार झाले की हात आपोआप तयार व्हायचे. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात बारीक लवचीक काडी. दोन्ही एकदा चामड्यावर पडायला लागली की पोळ्याचे बैल माना ताठ करून पावलं टाकत. लग्नाचा ठेका वेगळा, मयताचा वेगळा, बैलांचा वेगळा. झोपेतून उठवलं तरी गावातलं शेंबडं पोर ओळखून सांगत असे.

बन्सीधर दोन वर्षं या माणसाच्या मागं होता. निंबाखाली वही घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "पुन्हा तेच वाजव." नागनाथ वाजवी, पण तेच कधीच नसे. दर खेपेला कुठंतरी काडी लवकर पडे, कुठंतरी टिपरू मागं राही. लिहिणाऱ्याची मात्रा चुके. बन्सीधर चिडे आणि नागनाथ पोट धरून हसे.

"छोटं मालक, कागदाला कान असत्यात व्हय?"

"कागदाला कान नसतात, पण कागद इसरत न्हाई," बन्सीधर म्हणे.

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, असं म्हणायची रीत आहे. खोटी रीत आहे. आपोआप पेटायला माणसांची घरं म्हणजे ओल्या कडब्याची गंजी नसते; ती कुणीतरी पेटवावी लागतात. हिवरटाकळीत बौद्ध वस्तीतली चौदा घरं भर दुपारी पेटवली गेली. रॉकेलचा डबा व्यंकटरावाच्या थोरल्या पोराच्या, सटवाजीच्या हातात होता, हे सगळ्या गावानं पाहिलं आणि पोलिसांना एकानंही सांगितलं नाही. त्या दुपारी बन्सीधर माडीवर दार लावून तबला सुरात लावत बसला होता. धूर खिडकीतून आत आला तेव्हा त्यानं खिडकी लावली.

नागनाथचं घर त्या वस्तीला लागून. ते वाचलं. पण त्याच्या अंगणात चार दिवस जळक्या घरांतली बायकापोरं बसून होती आणि बायनाबाई, नागनाथची बायको, त्यांना भाकरी थापून घालत होती. महिन्याभरानं पोळा आला. पोळ्याची वाट ठरलेली: पाटलाच्या दारातून निघायचं, त्या वस्तीच्या कडेनं जायचं आणि मारुतीला पोचायचं. नागनाथ पाटलाच्या ओसरीखाली उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला,

"मालक, वाजवायला ना न्हाई. पर त्या वाटंनं न्हाई. लोकं आजून राखंतून भांडी हुडकायलेत. त्यांच्या म्होरून म्या हलगी बडवत जाऊ?"

"वाट माझ्या आज्यानं ठरविली," व्यंकटराव म्हणाले. "तू कोन बदलनार?"

"मंग वाजवनार न्हाई."

एवढंच बोलून तो गेला. गावात मात्र त्याची चर्चा झाली, कारण त्यात पाटलाचा मान अडकला होता. हिवरटाकळीत पोळ्याचा मान कागदावर नव्हता. ज्याच्या दारात पहिल्यांदा वाजेल त्याचा बैल पुढं, बाकीचे मागं. चार पिढ्या ते दार व्यंकटरावाचं होतं. वरच्या आळीचे आबासाहेब या मानावर कधीपासून टपून बसले होते. पाटलाच्या दारी वाजणार नाही हे कळताच त्यांनी पूर्णेहून पितळी बँड सांगितला आणि चावडीवर मिशीला पीळ देत बसले. व्यंकटरावांना जेवण गोड लागेना. घरं जळाली तेव्हा त्यांची झोप उडाली नव्हती; बैल मागं राहील म्हणून उडाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून सुजलेले बैलांचे खांदे त्या दिवशी लोणी-हळद लावून चोळतात आणि हात जोडून म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मोठी मायाळू रीत आहे. बन्सीधर गोठ्यात मानाच्या बैलाचा, हौशाचा खांदा चोळत होता, तेव्हा सटवाजी आणि एक गडी नागनाथला ओढत घेऊन आले. त्याचं धोतर फाटलं होतं, एका डोळ्यावर सूज चढली होती. हलगी सटवाजीच्या काखेत होती. मागून व्यंकटराव आले आणि त्यांनी गोठ्याचं दार ओढून घेतलं.

"वाजवतूस का न्हाई?" सटवाजीनं विचारलं.

"न्हाई."

सटवाजीच्या हातात बाभळीची काठी होती. ती नागनाथच्या पाठीवर पडली, मग खांद्यावर. तो शेणात गुडघ्यावर बसला. बैल बुजून दावणीला हिसके द्यायला लागले. सटवाजीनं पुन्हा विचारलं, नागनाथनं पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा सटवाजीनं काठी टाकली आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"वाजवीत न्हाई तर हात कशाला पायजे ह्याला? धर रे त्याचा हात गव्हाणीवर."

गड्यानं हात धरला. दगडी गव्हाणीच्या काठावर नागनाथचा उजवा हात ताणून ठेवला. बन्सीधरच्या बोटांना अजून लोणी लागलेलं होतं. त्याला भीती वाटली, खरी भीती, आणि ती नागनाथसाठी होती हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्या हातासारखा हात त्यानं परभणीतही पाहिला नव्हता.

"दादा, थांबा!" तो बापाला म्हणाला. "हात मोडून काय मिळनार? त्याला यकडाव हितंच वाजवू द्या. म्या लिवून घेतो. उद्या म्याच वाजवतो, मारुतीच्या ढोलावर. मंग त्यानं यायचीबी गरज न्हाई. पर त्याचा हात सोडा."

व्यंकटरावांनी पोराकडं प्रथमच कौतुकानं पाहिलं. "लिवून घेता येतंय?"

"सगळं येतंय."

"मंग लिव. सोडतो त्याला."

बन्सीधर माडीवर पळत गेला आणि वही घेऊन आला. गोठ्यात गवताचा जाळ करून हलगी शेकली, चामडं ताणलं. ती नागनाथच्या मांडीवर ठेवताना बन्सीधर त्याच्या कानाशी वाकला.

"वाजव बाबा. हात राहील तुजा. म्या शब्द घेतलाय दादाचा."

नागनाथनं एका डोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं. मग टिपरू उचललं.

तो वाजवायला लागला आणि बन्सीधर लिहायला लागला. नागनाथचे खांदे ठणकत होते, हात जड पडत होता. तो जरा मंद झाला की सटवाजी मागून काठी घालायचा, "नीट वाजव, मयताला आलास का?" काठी पडली की टिपरू हवेत थांबायचं, एक श्वास, दोन श्वास. मग पुन्हा पडायचं. बन्सीधरची मान वहीत होती. जाड टिपऱ्याला एक खूण, बारीक काडीला दुसरी, थांबला तिथं अवग्रह. थांबला की अवग्रह. काठीचा आवाज त्याच्या कानावर पडत होता, पण तबल्याच्या शास्त्रात काठीला खूण नाही. थांबण्याला आहे.

आणि सांगायला लाज वाटते, पण लिहिता लिहिता तो रंगला. दोन वर्षं हा माणूस हातातून निसटत होता. आज पहिल्यांदा अशा जागी थांबत होता की मात्रा मोजता येत होत्या. बन्सीधरला वाटलं, हेच ते. हीच त्याची लपवलेली जागा, आता सापडली. लहानपणापासून हजारदा ऐकलेला ठेका त्याच्या कानात होता. त्या ठेक्यात असं थांबणं कुठंच नाही, हे त्याचा कान त्याला सांगत होता. त्यानं कानाचं ऐकलं नाही. वही समोर होती.

"झालं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"झालं." बन्सीधरनं शेवटची रेघ मारली आणि वही मिटली.

"समदं आलं? आता ह्याच्यावाचून अडनार न्हाई?"

"न्हाई."

व्यंकटराव थोरल्याकडं वळले. आवाज अगदी साधा, गड्याला वैरण टाकायला सांगावं असा. "मंग ह्याला धड सोडून कसं चालंल? उद्या त्या आबासाहेबाच्या दारात जाऊन वाजवंल."

बन्सीधर तोवर दारापर्यंत पोचला होता. त्यानं ते ऐकलं. हातातली वही त्यानं छातीशी धरली. मागं गव्हाणीवर कुऱ्हाडीची उलटी बाजू पडली, हाड मोडल्याचा आवाज झाला आणि नागनाथ ओरडला. बैलांनी दावी तोडायला सुरुवात केली. बन्सीधर मागं वळला नाही. माडीवर गेला आणि वही उशाशी ठेवून बसला. बापानं शब्द मोडला, असं तो स्वतःला सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी हौशाच्या शिंगांना बेगड लागली, पाठीवर झूल चढली, कपाळावर बाशिंग बांधलं. पाटलाच्या दारात सगळा गाव जमला. जळक्या वस्तीतली माणसं तेवढी नव्हती, नि मातंग वस्तीतलंही कुणी नव्हतं. बन्सीधरनं गळ्यात मारुतीचा ढोल अडकवला. एका पोऱ्याला समोर वही धरून उलटं चालायला लावलं आणि वाजवायला सुरुवात केली.

निघण्याआधी दारासमोरच्या पटांगणात फेरा असे; त्याची पहिली वीसेक पावलं झकास गेली. हौशानं मान ताठ केली, लोकांनी माना हलवल्या. मग वहीत पहिला अवग्रह आला. बन्सीधरचा हात थांबला. हौशा थांबला. त्याच्या मागचे चाळीस बैल एकमेकांवर आदळले. ढोल पुन्हा सुरू झाला, हौशा पुन्हा निघाला, दहा पावलांवर दुसरा अवग्रह. पुन्हा सगळं ठप्प. कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा कुणी हसलं नाही. ठेका तोच होता, सगळ्यांच्या कानातला, पण तो मार खाल्ल्यासारखा चालत होता. वाजवणाऱ्यालाच काय ते ऐकू येत नव्हतं. तो मात्रा मोजत होता.

बन्सीधरची माय, सुमनबाई, औक्षणाचं ताट घेऊन दाराशी उभी होती. आदल्या दिवशी ती पुरण वाटत होती. स्वयंपाकघराची आणि गोठ्याची भिंत एकच. चौथ्यांदा ढोल थांबला तेव्हा तिच्या तोंडून गेलं,

"हितं काठी पडली व्हती."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण ढोल थांबलेला, सगळं गप्प, त्यामुळं शब्द पार मागच्या बैलापर्यंत गेला. पाचव्या अवग्रहाला ती पुन्हा म्हणाली, "हितंबी." तिला थांबता येईना. व्यंकटरावांनी चार ढांगांत गाठून तिच्या कानशिलात मारली. ताट उडालं, दिवा विझला, कुंकू तिच्या लुगड्यावर सांडलं. बायका मागं सरकल्या. एवढ्या वर्षांत दारातल्या माणसांसमोर पाटलानं बायकोवर हात टाकला नव्हता.

आणि नेमका तेव्हाच वरच्या आळीतून पितळी बँड वाजत आला. पुढं आबासाहेबांचा बैल.

"हाक की रे!" व्यंकटराव ओरडले.

पोळ्याच्या दिवशी बैलाला काठी लावत नाहीत. कितीही उलट्या काळजाचा माणूस असो, त्या दिवशी लावत नाही. सटवाजीनं लावली. हौशा थांबलेला होता. सटवाजीनं त्याच्या पाठीवर, झुलीवरून, सगळा जोर लावून काठी घातली. ढोलाच्या रिकाम्या जागेत ती बरोबर बसली. लोकांच्या तोंडून "अरे अरे" निघालं. सटवाजीनं दुसरी उगारली आणि हौशा फिरला. बेगड लावलेलं शिंग सटवाजीच्या बरगडीखाली गेलं. बैलानं त्याला उचललं, ओसरीच्या दगडावर आपटलं आणि पुन्हा वर घेतलं. व्यंकटराव मध्ये धावले तर त्यांना तुडवलं. चार गडी, दोन कासरे आणि एक मोडकं जू एवढ्यांनी मिळून हौशा आवरला, तोवर सटवाजीच्या पोटातून रक्त थांबत नव्हतं. त्याला गाडीत घालून सोनपेठला आणि तिथून परभणीला नेलं. मानाचा बैल त्या वर्षी आबासाहेबांचा झाला. बन्सीधर गळ्यात ढोल घेऊन तसाच उभा होता.

आता कुणालाही वाटेल, पोराचे डोळे उघडले असतील. उघडले, पण अर्धवट. पंधरा दिवसांनी तो पूर्णेला गेला तो वही घेऊन. नागनाथ बायकोपोरांसकट तिथं मेव्हण्याच्या रेल्वेच्या खोलीत राहिला होता. उजवा हात कोपरापासून लाकडाच्या पट्ट्यांत बांधलेला, बोटं काळीनिळी. पोलिसांत त्यानं फिर्याद दिली होती. पाटलाकडून गेलेल्यांनी लिहून दिलं की खांदेमळणीला बैलानं हातावर पाय दिला. साक्षीदार नाही म्हणून कागद तिथंच पडला होता.

बायनाबाईनं दार अडवलं. नागनाथ आतून म्हणाला, "येऊ दे त्याला."

बन्सीधर खाली बसला. वही मांडीवर घेतली. मग जे बोलला ते ऐकून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. "नागनाथ, माजं लिवलेलं चुकलं. थांबायच्या जागा चुकल्या. बैल थांबायलेत. तेवढ्या नीट करून सांग."

"वाजव," नागनाथ म्हणाला.

खोलीत पत्र्याची पेटी होती. बन्सीधरनं वही समोर उघडली आणि पेटीवर बोटांनी वाजवायला लागला. नागनाथ डोळे मिटून ऐकत होता. पहिला अवग्रह आला तेव्हा त्याचा खांदा उडाला. दुसऱ्याला पुन्हा उडाला. तेव्हा, तेव्हा कुठं बन्सीधरला ऐकू आलं. त्यानं वहीवरची नजर काढून त्या खांद्याकडं पाहिलं. थांबावं म्हटलं तर नागनाथ म्हणाला, "पुरं कर." त्यानं रडत रडत शेवटच्या रेघेपर्यंत पुरं केलं.

"हलगी मांडीवर आल्यापासनं किती झाल्या?" नागनाथनं विचारलं.

"अकरा."

"बारा व्हत्या, बन्सीधर."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्याला नुसत्या नावानं हाक मारली.

"शेवटली आली न्हाई तुज्या वहीत. तवा तू वही मिटली व्हतीस. आता उघडलीस तर ती लिव. तुज्या खुणांनी न्हाई, साध्या अक्षरात. कोनी घातली, कशानं घातली, कोनी घाल म्हनून सांगितलं. आन खाली तुजं नाव घाल. तेवढा कागद मला पायजे."

बन्सीधरनं पेनाचं टोपण काढलं. नवं पान उघडलं. सटवाजी परभणीच्या दवाखान्यात पोटाला नळ्या लावून पडला होता, बाप काठीच्या आधारानं उभा राहत होता, मायनं त्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं. त्यानं तारीख लिहिली. त्याखाली गोठा असं लिहिलं. मग भावाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि पेन तिथंच राहिलं. लाज वाटत होती, मरणाची लाज वाटत होती, पण लाजेनं हात हलत नाही. बाहेर एक मालगाडी आली, उभी राहिली आणि निघून गेली. पानावर एकच अक्षर होतं.

"ऱ्हाऊ दे," नागनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नि तेच बन्सीधरला सोसवेना. "बायना, सांग त्याला."

बायनाबाई चुलीपाशी बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि बन्सीधरकडं न बघता, सरळ एका लयीत, जात्यावर बसल्यासारखी म्हणायला लागली. हलगी मांडीवर आल्यावर पहिली पाठीवर, सटवाजी व्यंकटराव, बाभळीची काठी. दुसरी उजव्या खांद्यावर, सटवाजी व्यंकटराव. तिसरी मानंवर. एकही न अडखळता ती पुढं जात होती. कोनी हात धरला, कोनी दार लावलं, कोन काय बोललं, सगळं जसंच्या तसं. तिची दोन पोरं भाकरीची वाट बघत बसली होती, त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. रोज ऐकून त्यांना पाठ झालं होतं.

"बारावी हातावर," ती म्हणाली, "सटवाजी व्यंकटराव, कुऱ्हाडीची उलटी बाजू, बापाच्या सांगन्यावरून."

बन्सीधरला वाटलं, संपलं. तो उठायला लागला. बायनाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच लयीत पुढची ओळ म्हटली. पोरांनीही म्हटली.

"आन वही मिटून निगून गेला, बन्सीधर व्यंकटराव."